जलद लवाद : हमी कसली?



‘कोर्टाची पायरी टाळा, जलद लवाद निवडा’ असा सल्ला देणारा, आपण छापलेला लेख वाचला. त्यातील चार विधाने दुरुस्त करायला हवीत.

पहिले, ‘सहा महिन्यांत निकाल हमखास’. लवाद व समेट कायदा, १९९६ मध्ये २०१५च्या दुरुस्तीने आलेले जलद लवादाचे कलम २९-ब दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीनेच लागू होते. ज्याला पैसे द्यायचे आहेत, तो घाई का करील? मुदत टळलीच, तर संमतीने आणखी सहा महिने मिळतात. त्यापुढे अर्ज कोर्टातच.

दुसरे, ‘उलटतपासणीचा फापटपसारा नाही’. थकलेल्या बिलासाठी कागदपत्रे पुरतात. सहीच खोटी असल्याचा वाद असेल, तर उलटतपासणी हाच बचाव. त्यासाठी लागणारी तोंडी सुनावणी मात्र सर्व पक्षांनी मागितली किंवा लवादाला गरज वाटली तरच होते.

तिसरे, ‘निवाडा अंतिम’. कलम ३४ खाली त्याला कोर्टात आव्हान देता येते, कलम ३७ खाली अपीलही होते. नुसत्या अर्जाने अंमलबजावणी थांबत नाही, एवढे खरे. पण स्थगिती मागता येतेच.

चौथे, ‘भाड्याच्या वादांनाही उपयुक्त’. भाडे नियंत्रण कायद्याच्या कक्षेतले वाद लवादाकडे नेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये विद्या द्रोलिया प्रकरणात स्पष्ट केले आहे.

खर्चाचा तर लेखात उल्लेखच नाही. न्यायाधीशाचा पगार सरकार देते. लवादाची फी पक्षकारांच्या खिशातून जाते. करारावर सही करण्यापूर्वी वाचकांनी लेखाऐवजी कायद्याचे कलम वाचावे.

– एक वकील वाचक, ठाणे