पंगतीचा धर्म

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकात दिवसभर माणसांची व वाहनांची रीघ लागलेली असते. त्या गर्दीत भुकेला कोण आणि तृप्त कोण, हे कोणाच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. भुकेला मनुष्य पुष्कळदा मागतही नाही. कारण त्याला भुकेपेक्षा याचनेची लाज अधिक वाटते. म्हणून भुकेल्याला किती दिले, यापेक्षा कसे दिले, हा प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तम उत्तर शिखांच्या लंगरात सापडते.

लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्यातील सर्वांसाठी खुले असलेले अन्नछत्र. ही प्रथा गुरू नानकांपासून (१४६९–१५३९) चालत आली आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी तर भेटीस येणाऱ्याने प्रथम पंगतीत बसून जेवावे, असा दंडकच घातला. कोणी कोणाच्या शेजारी जेवावे, हे त्या काळी जात ठरवीत असे. राव आणि रंक एकाच जमिनीवर, एकाच रांगेत बसले, म्हणजे त्या भेदाचे मूळच उखडले जाते.

हा लंगर पाहण्यास पंजाबात जावयास नको. तो मराठवाड्यातच आहे. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे आजही पंगती उठतात. जेवणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारीत नाही. कणीक मळणे, वाढणे, उष्टी भांडी घासणे ही कामे भाविक स्वेच्छेने करतात. मिळकतीचा दशांश समाजासाठी वेचावा, अशी शिखांची शिकवण आहे. तिला ‘दसवंध’ म्हणतात.

फुकटच्या अन्नाने माणसे आळशी होतात, असा आक्षेप कोणी घेतात. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत हजारो मजूर पायी आपल्या गावांकडे निघाले, ते काय आळशी होते? त्यांचे काम थांबले होते, वाटेवरच्या खाणावळीही बंद होत्या. अशा वेळी यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळच्या महामार्गावर शिखांच्या लंगराने असंख्य वाटसरूंना जेवू घातले. शिवाय लंगरात जेवून उठलेला मनुष्य भांडी घासावयासही बसू शकतो. घेणारा क्षणात देणारा होतो. मग तेथे आळसाला थारा कोठला?

सामान्य दानात देणारा उभा असतो व घेणारा हात पसरतो. लंगरात जेवणारा स्वस्थ बसलेला असतो आणि वाढणारा त्याच्यापुढे वाकतो. अन्नाने पोट भरते. पण या वाकण्याने जेवणाऱ्याचा मान राखला जातो. ज्या दानाने घेणाऱ्याची मान खाली जाते, ते दान अपुरे होय.