दोष फक्त घामाचा नव्हे



पुरुषांच्या जांघेतली खाज आणि सूज चेन्नईच्या दमट हवेमुळेच येते, पावडर-मलम पुरे, असे गेल्या अंकातील पत्र म्हणते. हा सल्ला धोक्याचा आहे.

घामाने बुरशी वाढते, हे खरे. पण दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. खाज दबते, बुरशी पसरत राहते. शिश्नाग्र वारंवार लाल होऊन चिरत असेल, तर रक्तातली साखर तपासावी. हळूहळू वाढणारी अंडकोशाची सूज हायड्रोसील असू शकते; क्युलेक्स डासांमुळे होणारा हत्तीरोग हे त्याचे एक कारण. वृषणातली टणक, न दुखणारी गाठ कर्करोगाचीही असू शकते.

अचानक तीव्र वेदना उठली तर सकाळची वाट पाहू नये. वृषणाला पीळ पडल्यास साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते.

संकोचामुळे दुखणे लपवूही नये. याच चेन्नईत, मराठी गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी 1986 मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून देशातला एचआयव्हीचा पहिला संसर्ग उजेडात आणला. लाजेने लपवलेला आजार त्यांनी तपासणीच्या टेबलावर आणला.

सूज किंवा खाज आठवडाभर टिकली, स्राव वा फोड दिसला, तर सरकारी रुग्णालयातील गुप्तरोग विभाग गाठावा, जोडीदारालाही सोबत न्यावे.

— एक वाचक, चेन्नई