खेळणे खेळते की मूल?

तुळशीबागेत काय किंवा ऑनलाइन काय, ‘बुद्धिविकास’ आणि ‘थेरपी’ असे छापलेली खेळणी आता सर्रास मिळतात. बऱ्याच खेळण्यांत बटण दाबले की दिवे लागतात, गाणे सुरू होते, चाके फिरतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा विकासात विलंब असलेल्या मुलांचे पालक ती आशेने विकत घेतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र वेगळेच विचारतात: हे खेळणे मुलाकडून काय करून घेते?

अमेरिकेतील संशोधक ॲना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या होत्या. बॅटरीच्या खेळण्यांसोबत पालक मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांसोबत ५६ आणि पुस्तकासोबत ६७. अभ्यास लहान होता, पण बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या घरात एवढी तफावत परवडणारी नाही.

साधा खुळखुळा घ्या. ज्या बाळाची मूठ आवळलेली राहते, त्याला बारीक दांडा धरवत नाही. दांड्यावर कापडाची जाड गुंडाळी शिवली आणि मनगटाला सैल पट्टी लावली, की तोच खुळखुळा हातात राहतो. हलवल्याबरोबर आवाज आला पाहिजे. उशीर झाला तर ‘हे मी केले’ हे बाळाला उमगत नाही, आणि उपचाराचे निम्मे काम त्या उमगण्यातच असते. खुंट्यांचा बोर्ड टेबलावर आडवा न ठेवता भिंतीला उभा लावला, तर मनगट आपोआप मागे वळते आणि पकड सुधारते. खुंट्या आधी जाड, मग हळूहळू बारीक.

अर्थात बारीक किती, यालाही मर्यादा आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. विकासात मागे असलेले पाच वर्षांचे मूलही वस्तू तोंडात घालते, म्हणून खोक्यावर छापलेल्या वयावर विसंबू नये.

बॅटरीची खेळणी सरसकट टाकाऊ मात्र नाहीत. उड्या मारणाऱ्या कुत्र्याचे चिमुकले बटण ज्याला दाबता येत नाही, त्याच्यासाठी बॅटरी आणि तिच्या संपर्कपट्टीमध्ये तांब्याची चकती सरकवून वायर बाहेर काढतात व तळव्याएवढे बटण जोडतात. ते कोपराने, पायाने, अगदी डोक्यानेही दाबता येते. वायर, सॉकेट, बटण हे सामान बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळते. नाणे-बॅटरी असेल तर झाकण स्क्रूनेच बंद हवे. गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

परदेशी तयार खेळणी महाग पडतात. खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हही सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, आणि नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूटही मिळाली. पण मुलाच्या हाताच्या मापाने दहा-वीस नग करणारा डिझायनर ना कारखानदार असतो, ना कारागीर. अशा छोट्या संख्येसाठी स्वस्त चाचणीची सोय सरकारने करायला हवी.

पुण्याला हे काम जमण्यासारखे आहे. अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरची ती पहिली. हात आहेत, यंत्रे आहेत. त्यांच्याशेजारी थेरपिस्टला बसवायचे राहिले आहे.

शिवाय अशी खेळणी विकतच घ्यायला हवीत असे नाही. थेरपी आठवड्यातून तास-दोन तास, बाकी वेळ मूल घरीच, आणि हात सुधारला की जाड खुंट्या निरुपयोगी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांनी वाचनालयासारखी खेळणी घरी दिली, परत आल्यावर धुऊन, तपासून पुढच्या मुलाला दिली, तर खुंट्यांचा एक बोर्ड वर्षात चार घरे फिरेल.