आवाज लहान, खरखर मोठी



आमच्या शेजारच्या तरुणाने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. चार महिने पैसे साठवून चांगला डायनॅमिक माईक आणला. ऐकतो तर आजीचा आवाज लांबून आल्यासारखा आणि वर सतत खरखर! दुकानदार म्हणाला, "बूस्टर लावा." पोरगा माझ्याकडे आला, "काका, घेऊ का?"

यात माईकचा दोष नाही. डायनॅमिक आणि रिबन माईक मुळातच क्षीण विद्युत-संदेश देतात. शुअर कंपनीचा एसएम ७ बी पाहा. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'मध्ये ज्या एसएम ७ वर गायन झाले, त्याचीच ही पुढची आवृत्ती. तरीही त्याला किमान ६० डेसिबल गेन द्या, असे कंपनीच सांगते. स्वस्त मिक्सरचा गेन तिथवर वाढवला की त्याची स्वतःची खरखरही वर येते.

बूस्टर म्हणजे माईक आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी डबी. ती मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालते. क्लाउडलिफ्टर सीएल-१ सुमारे २५, तर फेटहेड सुमारे २७ डेसिबलने आवाज वाढवतो. मग मिक्सरचा गेन कमी ठेवता येतो आणि खरखर मागे पडते. मात्र या डब्या फँटम पॉवर पुढे माईकला जाऊ देत नाहीत, म्हणून कंडेन्सर माईक त्यांच्यावर चालणार नाही.

पण कष्टाचा पैसा खर्च करण्याआधी तीन गोष्टी करा. माईक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका धरा. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट! पंखा बंद करा, कारण खोलीतला गोंगाट बूस्टर कमी करत नाही, उलट आवाजाबरोबर तोही वाढवतो. मग रात्री सगळे शांत झाल्यावर मुद्रण करून ऐका. तरीही खरखर राहिली, तर ती मिक्सरची समजा. तेव्हाच बूस्टरचा विचार करा. मिक्सर चांगला असेल, तर त्याची गरजच नाही.

पोराने तसेच केले. त्याचा स्वतःचा आवाज स्वच्छ आला. आजींचा आवाज मात्र वयामुळे बारीक, त्यामागे थोडी खरखर राहिलीच. तेव्हा मित्राकडून बूस्टर मागून आणला, लावून ऐकला, फरक पटला आणि मगच विकत घेतला.

त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. बूस्टर येईपर्यंत मुद्रण थांबवू नका. खरखरीसकट का होईना, आजच्या ओव्या आजच मुद्रित करा. डबी पुढच्या महिन्यातही मिळेल. आजी ऐंशीच्या पुढे आहेत.