करपा दिसतो, कंबर दिसत नाही

जुन्नर-आंबेगावात टोमॅटोवर करपा दिसला की आपण त्याच दिवशी नारायणगाव गाठून औषध आणतो. घरची बाई मात्र कंबर धरून कांदा लावत असते. ‘लावणी उरकू द्या, मग बघू,’ म्हणते, आणि आपणही गप्प बसतो. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं तर ती जावेलाही सांगत नाही. आधी झाडपाला, मग मेडिकलमधली गोळी, दवाखाना सगळ्यात शेवटी. सकाळी सरकारी दवाखान्यात जावं, तर रोज बुडतो.

हे बायकांचं नाजूकपण नव्हे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के!

सरपंच मंडळी, पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. महिन्यातून एका संध्याकाळी उपकेंद्रात बाई डॉक्टर मागा. डिंभे धरणामागच्या वाड्यांचा तर घोडेगाव गाठण्यातच दिवस जातो. सुरुवात तिकडूनच करा. आणि बंधूंनो, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. या आठवड्यात तिकडे निघालात, तर गाडीवर मागे तिलाही बसवा.