मग गेले कोण?

उंद्रीला, म्हणजे चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी, मागल्या वर्षी एका तेरवीला बसलो होतो. गेलेला माणूस माझ्याच वयाचा, प्राथमिक शाळेत माझ्याच पाटीवर गणिते सोडवणारा. मंडपात महाराजांचे प्रवचन चालले होते. विषय ठरलेला, गीतेचा दुसरा अध्याय. देह नाशवंत, आत्मा अविनाशी, जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह टाकतो, म्हणून शोक करू नये. महाराजांचा आवाज चांगला होता, पाठांतर चोख होते. पंगती उठल्यावर वहिनींना भेटायला आत गेलो, तेव्हा त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "देह तं आपन जाळला. आत्मा काही मरत नाही म्हन्ते. मंग गेलं कोन, भाऊ?"

मी वीस वर्षे एम.ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरी शिकवतो आहे. मला उत्तर देता आले नाही. "तसं नसतं वहिनी," असे काहीतरी पुटपुटून मी बाहेर आलो.

पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना, आणि हळूहळू लक्षात आले की तो अडाणी प्रश्न नव्हेच. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो, तेव्हा मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना म्हणतो की मरणानंतर संज्ञा, म्हणजे 'हा अमुक' अशी जाणीव, उरत नाही. मैत्रेयी मान डोलावत नाही. तुम्ही मला गोंधळात टाकलेत, असे ती स्पष्ट बोलते. त्यावर त्याला पुन्हा समजावून सांगावे लागते की जिथे दोनपण असते तिथेच एक दुसऱ्याला पाहतो, जिथे सारे आत्मरूपच झाले तिथे कोणी कोणाला पाहायचे? उत्तर भव्य आहे. पण मैत्रेयीच्या जागी बसून पाहिले तर तिची हरकत पुरती मिटली असे मला वाटत नाही. तिला ज्याच्याविषयी विचारायचे होते, तो नवराच त्या उत्तरात विरघळून गेला.

प्रवचनांची मुख्य अडचण हीच आहे. तिथे देह आणि आत्मा अशी दोनच खाती असतात, आणि मधला माणूस कुठल्याच खात्यात जमा होत नाही. शास्त्रांनी मात्र एवढा सैलपणा केलेला नाही. अद्वैत वेदान्ताच्या हिशेबाने आत्मा सर्वव्यापी आहे; जो सगळीकडे आहे तो एका देहातून निघून दुसऱ्या देहात जाणार कसा? जाते ते लिंगशरीर: पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा सतरा अवयवांचे. खुद्द गीतेतच पंधराव्या अध्यायात वारा जसा फुलांचा गंध घेऊन जातो तसा जीव मन आणि इंद्रिये सोबत नेतो असे आले आहे. म्हणजे 'आत्मा गेला' हे बोलणे वेदान्तालाही मान्य नाही. दुसऱ्या अध्यायापाशी थांबणाऱ्या प्रवचनकारांना हा पंधरावा अध्याय का आठवत नाही, न कळे.

सांख्यांनी तर वहिनींचाच मुद्दा युक्तिवाद म्हणून मांडला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष अनेक असल्याचे एक कारण असे दिले आहे की प्रत्येकाचे जन्म, मरण आणि इंद्रिये वेगवेगळी नेमलेली असतात. पुरुष एकच असता तर एकाच्या जन्माने सगळे जन्मले असते, एकाच्या मरणाने सगळे मेले असते. तेरवीच्या मंडपात ही कारिका किती खरी वाटते! गाव जेवत असते आणि एक घर रिकामे झालेले असते.

दूर जायचेही कारण नाही. आमच्याच जिल्ह्यातली लोणार आणि मेहकर ही गावे लीळाचरित्रात येतात. इथून फिरलेल्या चक्रधरांनी मराठीत जे तत्त्वज्ञान सांगितले त्यात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांपासून वेगळे आहेत. जीव अनादी अविद्येने बांधलेला आहे. तो मुक्त झाला तरी परमेश्वर होत नाही, त्याच्या आनंदाचा भागीदार होतो. इथे मोक्षातही 'हा' आणि 'तो' शिल्लक राहतात. आम्ही हे कसे शिकवतो? म्हाइंभटांचे लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आरंभ, भाषा साधी, संवाद जिवंत, आणि मग "महानुभावांचे तत्त्वज्ञान द्वैती आहे" हे एक वाक्य. विद्यार्थी ते लिहून घेतात, मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. या अपराधात मी इतरांच्या मागे नाही. मराठी गद्य ज्यांच्या बोलण्यातून घडले त्यांना जीव म्हणजे कोण हे सांगायचे होते, हे आम्ही भाषेच्या कौतुकात विसरून जातो.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. सर्वांभूती एकच आत्मा हे वाक्य शतकानुशतके ऐकणाऱ्या गावांतून पाणवठे वेगळेच राहिले, आणि जीव परमेश्वराहून कायमचा वेगळा म्हणणाऱ्या चक्रधरांनी बायकांना संन्यास दिला, महदंबेसारख्या शिष्येच्या प्रश्नांना उत्तरे दिली. यावरून अद्वैताने विषमता येते असा नियम मी काढणार नाही. तो बालिश होईल. पण 'सगळे एकच' म्हटल्याने समोरचा माणूस दिसू लागतोच असे नाही, एवढे खरे.

ज्ञानेश्वरांना या वादात दुसऱ्या टोकाला उभे करण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती पटत नाही. अमृतानुभवात आरंभीच शिव आणि शक्ती यांचे जोडपे येते, आणि त्यांचे दोनपण हे अज्ञानाचे फळ म्हणून येत नाही. ते प्रेमासाठी घेतलेले दोनपण आहे. पुढे अज्ञानाचे खंडन आहे, ज्ञानाचेही आहे, आणि जग हा भ्रम नसून चैतन्याचा विलास आहे असे प्रतिपादन आहे. चांगदेवाच्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले, तेही आपणच आपल्याला भेटतो आहोत असे सांगणारे. तरी पत्रच ते! वाचायला चांगदेव लागलाच. मराठी अद्वैत असे माणसाला धरून आहे. प्रवचनात उरते ते त्याचे पातळ केलेले पाणी, आणि वर "शेवटी सगळी दर्शने एकच सांगतात" हा शेरा, ज्यामुळे कुठलेच दर्शन वाचायची गरज राहत नाही.

शिवाय दुसरा अध्याय सांगितला गेला तो रणांगणावर, शस्त्र खाली ठेवलेल्या योद्ध्याला. ज्याने तो साक्षात कृष्णाच्या तोंडून ऐकला, त्या अर्जुनाचे तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्यावर काय झाले? महाभारत द्रोणपर्वात ते लपवत नाही. अर्जुन कोसळतो, विलाप करतो, जयद्रथाच्या वधाची प्रतिज्ञा करतो. आणि कृष्ण त्याला 'तुला सांगितले ते विसरलास का' असे विचारत नाही.

दोन महिन्यांनी वहिनींना वारस नोंदीचा अर्ज लिहून द्यायला पुन्हा उंद्रीला गेलो. मयताचे संपूर्ण नाव लिहायचे होते. मी त्याचे शाळेतले नाव लिहिले. वहिनींनी ते बोटाने अक्षर-अक्षर लावून वाचले आणि म्हणाल्या, "यांचं नाव असं होतं व्हय? घरात सगळे आबाच म्हनत." मग त्यांनी कागद माझ्याकडून घेतला आणि घडी न घालता, तसाच सपाट, पोथीत ठेवला. अर्ज उद्या देऊ म्हणाल्या.