विश्वास आहे, तरी भीती वाटते



या आठवड्याचे पत्र एका तालुक्याच्या गावाहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनी ख्रिस्ती आहेत. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीत. अभ्यासात बरी, स्वभावाने शांत, रविवारच्या उपासनेत हौसेने गाणी म्हणणारी. मे महिन्यात ती मुलांच्या शिबिराला गेली आणि तिथून आल्यापासून तिची झोप उडाली आहे. ‘आई, मी आज रात्री मेले तर माझं तारण झालेलं असेल का गं?’ असे विचारते. आईने हो म्हटले की तेवढ्यापुरती गप्प बसते, तासाभराने पुन्हा तेच. रात्री अंथरुणात उठून बसते, क्षमा मागते, निजते, पुन्हा उठते. ‘मघाशी मनापासून मागितली नव्हती,’ म्हणते. एकदा वडील वैतागून म्हणाले, ‘तुझा विश्वासच कच्चा आहे!’ तेव्हापासून तिने वडिलांशी बोलणे टाकले आहे. शेवटी बाई लिहितात, ‘घरात रोज प्रार्थना होते, शास्त्रवाचन होते. मग आम्ही कुठे कमी पडलो?’

पत्र ख्रिस्ती घरातले असले, तरी वयात येणारी मुले सगळ्यांच्याच घरी आहेत, म्हणून सर्वांनीच वाचावे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, ‘तारण’ म्हणजे पापापासून आणि मरणाच्या भयापासून सुटका. ती येशू ख्रिस्ताने मिळवून दिली आहे, ही ख्रिस्ती श्रद्धेची मुख्य गोष्ट. म्हणजे ज्या गोष्टीने भीती जायची, तिचीच या पोरीला भीती बसली आहे.

बाई, तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. चौदा-पंधराव्या वर्षी मुले या गोष्टीचा खोलवर विचार करू लागतात की, आपणही एक दिवस मरणार. लहानपणी गाण्यांतून ऐकलेले शब्द आता अर्थासकट अंगावर येतात. त्यात २०२० आणि २०२१ च्या साथीत घरातली, शेजारची माणसे गेलेली या मुलांनी पाहिली आहेत. हातातल्या मोबाइलवर जगाचा अंत जवळ आल्याचे सांगणारे कुणी ना कुणी असतेच. हळव्या मनाची मुले हे सारे मनाला लावून घेतात. निगरगट्ट मुलाला असे प्रश्न पडत नाहीत.

वडिलांचा राग मला समजतो. लेकीचे हाल बघवत नाहीत म्हणूनच तो आला. पण ते वाक्य तेवढे त्यांना मागे घ्यायला सांगा. भ्यालेल्या माणसाला ‘तुला विश्वास नाही’ म्हटले की, त्याची एक भीती होती तिच्या दोन होतात. आणि शास्त्रही असे म्हणत नाही. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात पेत्र पाण्यावरून चालायला निघाला, वारा पाहून भ्याला आणि बुडू लागला. तो ओरडताच येशूने आधी हात पुढे करून त्याला धरले आणि मग संशय का धरलास, असे विचारले. हा क्रम आपण आयांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी हात, मग प्रश्न. पोर रात्री घाबरून उठली की जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा, पाणी द्या. शिकवायचे ते सकाळी शिकवा.

तिला असेही वाटत असेल की, इतरांचा विश्वास पक्का आणि आपलाच डळमळता. तर तिच्याबरोबर मार्काचा नववा अध्याय वाचा. आजारी मुलाला घेऊन आलेला बाप येशूपुढे एकाच दमात विश्वासाचीही कबुली देतो आणि अविश्वासाचीही. येशूने त्याला ‘आधी मन पक्कं करून ये’ असे म्हणून परत पाठवले नाही, मुलगा बरा केला. योहानाच्या विसाव्या अध्यायात तर खुद्द शिष्यच भीतीने दारे लावून बसले होते. प्रभू तिथेच, त्या बंद खोलीत, शांती घेऊन आला.

आता तिचा मूळ प्रश्न. तारण झाले की नाही, हे ओळखायचे कशावरून? मुलगी ते आपल्या मनावरून ताडू पाहते. आज मन शांत, म्हणजे झाले. उद्या धडधडले, म्हणजे गेले. मन असे दिवसातून दहादा पालटते, मोठ्यांचेसुद्धा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे कृपेचे दान म्हटले आहे, आपल्या कामाची मजुरी नव्हे. क्षमा किती वेळा मागितली, किती रडून मागितली, यावर ते बेतलेले नाही. मुलीला समजेल असे सांगायचे, तर तिला एस. टी. स्टँडाबाहेरचा रस्ता आठवायला सांगा. ती लहान असताना तुम्ही तिला घेऊन रस्ता ओलांडत होता. तिने तुमचे बोट धरले होते खरे, पण बोट सुटले म्हणून ती कधी गाडीखाली गेली नाही, कारण तिचे मनगट तुमच्या मुठीत होते. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळाच्या हातातून मेंढरे कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, असे सांगितले आहे ते हेच.

या बाबतीत निरनिराळ्या मंडळ्यांच्या शिकवणीत थोडा फरक आहे. कोणी तारणाच्या खात्रीवर भर देतात, कोणी शेवटपर्यंत टिकून राहण्यावर. पण तारण मुळात देवाची कृपा आहे, याबद्दल वाद नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन संघ यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तेव्हा तुमचे घर कोणत्याही मंडळीचे असो, मुलीला हे निःशंक सांगा.

आणि हेही सांगा की, या भीतीतून फार मोठी माणसे गेली आहेत. मार्टिन ल्यूथर १५०५ साली वादळात विजेच्या कडकडाटाने भ्याला आणि मठात जाण्याचा नवस बोलून बसला. मठात गेल्यावर तासन् तास पापांची कबुली देई, तरी वाटे काही राहून गेले. त्याचे वडीलधारे गुरू श्टाउपित्झ यांनी त्याला स्वतःची पापे मोजणे सोडून ख्रिस्ताकडे पाहायला शिकवले. जॉन बनियन हा इंग्रज लेखक तर आपण क्षमा न होणारे पाप केले आहे की काय, या धास्तीने कितीतरी काळ पोळला. १६६६ साली त्याने ते सारे लिहून काढले. पुढे १६७८ साली त्याने यात्रेकरूची जी प्रसिद्ध कथा लिहिली, तिच्या शेवटी यात्रेकरू मरणाची नदी उतरताना घाबरतो, बुडू लागतो. सोबती त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवतो. घाबरत का होईना, तो पैलतीराला पोचतो आणि तिथे त्याचे स्वागतच होते. क्षमा न होणाऱ्या पापाची भीती तुमच्या मुलीलाही असेल, तर तिला सांगा की, ज्याला या पापाची इतकी खंत वाटते त्याचे मन देवाकडून फिरलेले नसते. पाळकही हेच सांगतात.

जगाच्या अंताच्या गोष्टींचे काय? अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली. दोन्ही दिवस आले आणि गेले. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे खुद्द येशूने मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. जो तारीख सांगतो तो शास्त्रापेक्षा अधिक जाणतो, असे समजायचे का? मुलीला रागावून मोबाइल काढून घेऊ नका. शेजारी बसून हा अध्याय वाचा. रात्री मात्र घरातल्या सगळ्यांचेच मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा नियम करा. वडिलांचासुद्धा, बरं का!

आता रोजच्या चार गोष्टी.

निजण्याआधी एकच प्रार्थना, तीही लहान. दिवसाच्या चुका सांगायच्या, क्षमेबद्दल आभार मानायचे आणि ‘आमेन’. पुन्हा मागायला उठली तर प्रेमाने म्हणा, ‘तुझं मागून झालंय, देवाने ऐकलंय. आता नीज.’ बस्स, तेवढेच. दर वेळी नव्याने समजूत घालत बसू नका. खाजवले की खरूज वाढते, तशी ही शंका विचारल्याने आणि उत्तर दिल्याने वाढते.

खाणे आणि झोप यांकडे लक्ष द्या. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि झुडपाखाली मरण मागत पडला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा जेवू घातले. पुढची वाट मग सुचली. दहावीचे वर्ष म्हणून तुमची मुलगी रात्री बारापर्यंत जागत असेल, तर ते आधी बंद करा.

ज्या घरी मुलांचा बाप्तिस्मा लहानपणी होतो, तिथे कौटुंबिक पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर त्याची तारीख पुष्कळदा लिहिलेली असते. ते पान तिला दाखवा. तिला काही कळत नव्हते, काही करता येत नव्हते, तेव्हाच देवाने तिला आपले म्हटले. ल्यूथरसुद्धा भीतीच्या वेळी आपल्या बाप्तिस्म्याची आठवण धरीत असे.

तिला कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. रविवारच्या शाळेत लहान मुलांना चित्रे रंगवायला मदत करील, आजारी आजींना स्तोत्र वाचून दाखवील. आपल्याच मनाकडे सारखे पाहणाऱ्या मुलीला दुसऱ्याकडे पाहिल्याने बरे वाटते.

तुमच्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला, पण मुलीला विचारून. शिबिरात नेमके काय सांगितले गेले तेही शांतपणे समजून घ्या. मुलांना नरकाची धास्ती घालून देवाकडे आणलेले खपणार नाही, असे म्हणण्याचा आईला अधिकार आहे. भीतीने आलेले मूल भीती सरली की निघून जाते.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. महिनाभर असे करूनही ती रात्र रात्र जागत असेल, तीच प्रार्थना ठरावीक वेळा म्हटल्याशिवाय तिला राहवत नसेल, जेवण तुटले असेल, शाळा नकोशी झाली असेल, तर तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. मराठीत याला ‘मंत्रचळ’ म्हणतात. कुणाला हात धुण्याचा असतो, कुणाला कुलूप तपासण्याचा आणि कुणाला पापाचा. हा आजार आहे, पाप नव्हे आणि अविश्वास तर नव्हेच. बोलण्याच्या उपचाराने, गरज पडल्यास औषधाने त्याला उतार पडतो. ‘प्रार्थना असताना डॉक्टर कशाला?’ असे कुणी म्हटले, तर ताप आल्यावर आपण काय करतो ते त्यांना विचारा. गावात डॉक्टर नसतील, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही बोलता येते. आणि तिच्या तोंडी जगणे नको अशी भाषा आली, तर महिना कसला, एक दिवसही थांबू नका.

वडिलांनी काय करावे, असे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. आज रात्री जेवण झाल्यावर त्यांनी लेकीजवळ बसावे आणि म्हणावे, ‘मी बोललो ते चुकलं. तुझ्या वयात मलाही भीती वाटायची.’ प्रत्येकच बापाला कधी ना कधी वाटलेली असते, म्हणून यात खोटे काही नाही. देव बाप आहे, असे आपण मुलांना शिकवतो. तो बाप कसा असेल याचा अंदाज मुले घरातल्या बापावरूनच बांधतात.

बाई, महिनाभराने मुलीची खुशाली अवश्य कळवा. पुढच्या अंकात सासू-सुनेच्या एका स्वयंपाकघराविषयी आलेल्या पत्राचा विचार करू.